कॉन्फोकल नंतर बघू, आधी कंडेन्सर वर घ्या

शहादा तालुक्यातल्या एका महाविद्यालयातून प्रश्न आला आहे. विचारणाऱ्या मॅडम प्राणिशास्त्र शिकवतात आणि वनस्पतिशास्त्राचे सहकारीही त्यांच्यासोबत आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: विभागात साधे कंपाउंड मायक्रोस्कोप आहेत. १० एक्सच्या ऑब्जेक्टिव्हला, म्हणजे नमुन्याकडच्या भिंगाला, बरं दिसतं, ४० एक्सला चित्र धूसर येतं आणि फोटो तर वापरण्याजोगे येतच नाहीत. काही अनुदान मिळण्याची शक्यता आहे. विद्यार्थ्यांना सिकलसेलच्या रक्तपेशी, केळीच्या ऊती आणि कापसाचा तंतू नीट दाखवायचा आहे. मग न रंगवलेली पेशी ठळक दाखवणारा फेज कॉन्ट्रास्ट घ्यावा, रंगद्रव्य लावलेले भाग चमकवणारा फ्लुओरेसन्स घ्यावा, की थोडं थांबून जाड ऊतीचे थर वेगळे दाखवणाऱ्या कॉन्फोकललाच थेट हात घालावा?

मॅडम, तुमच्या तिन्ही नमुन्यांना कॉन्फोकल लागत नाही. फ्लुओरेसन्सही पहिल्या खरेदीत नको. आहेत त्या मायक्रोस्कोपमधून आधी पूर्ण काम काढून घ्या, मग त्यातल्या एकाला ध्रुवित प्रकाशाची, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशाची, जोड द्या आणि अनुदानातून एक चांगला फेज कॉन्ट्रास्ट घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. पद्धत निवडताना किमतीच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: मला जे पाहायचं आहे ते शेजारच्या भागापेक्षा वेगळं कशामुळे दिसणार? रंगामुळे, अपवर्तनांकातल्या (प्रकाश किती वळतो त्यातल्या) फरकामुळे, आतल्या स्फटिकासारख्या रचनेमुळे, की ते स्वतःच प्रकाश सोडतं म्हणून? याचं उत्तर हाती आलं की पद्धत ठरायला वेळ लागत नाही.

सुरुवात मात्र ४० एक्सच्या धूसरपणापासून करू, कारण तो तसाच राहिला तर नव्या मायक्रोस्कोपवरही सहा महिन्यांत हेच दिसेल.

ही तक्रार जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही कॉलेजात ऐकू येते, आणि बऱ्याच वेळा कारण एकच निघतं: ४० एक्सच्या तोंडाला तेल लागलेलं असतं. विद्यार्थी १०० एक्सला तेल टाकून बघतो, मग पुन्हा ४० एक्स फिरवतो, आणि ते सुकं ऑब्जेक्टिव्ह तेलाच्या थेंबातून घासत जातं. सीडरवुडचं तेल असेल तर ते वाळून वार्निशसारखं कडक बसतं. तपासायची रीत सोपी आहे. आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, काढून उलटा धरा आणि त्यातून ऑब्जेक्टिव्हचं पुढचं भिंग खिडकीच्या उजेडात बघा. भिंग स्वच्छ असेल तर त्यावर खिडकीचं प्रतिबिंब रेखीव दिसतं. तेल असेल तर प्रतिबिंब फाटतं आणि रंगीत पसरट डाग दिसतो. लेन्स पेपरला झायलिनचा अगदी एक थेंब लावून हलक्या हाताने पुसा आणि लगेच कोरड्या पेपरने टिपून घ्या. ऑब्जेक्टिव्ह झायलिनमध्ये बुडवून ठेवू नका, आतली भिंगं ज्या सिमेंटने चिकटवलेली असतात ते सुटतं. रुमाल किंवा ओढणीचं टोक तर भिंगाजवळही नको. आपल्याकडे उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर येणारी बारीक माती सगळीकडे बसलेली असते, तिने भिंगावर ओरखडे पडतात. म्हणून पुसण्याआधी रबरी फुग्याने धूळ उडवून द्यायची.

तेल नसेल तर कव्हरस्लिपकडे वळा. ऑब्जेक्टिव्हच्या अंगावर कोरलेले आकडे एकदा वर्गाला वाचून दाखवा. ‘४०/०.६५’ आणि त्याखाली ‘१६०/०.१७’ असं असेल. ४० हे विशालन, ०.६५ हे न्यूमरिकल ॲपर्चर (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचं माप), १६० ही नळीची लांबी मिलिमीटरमध्ये, आणि ०.१७ ही कव्हरस्लिपची जाडी, तीही मिलिमीटरमध्येच. नमुन्यावर एवढ्या जाडीची काच आहे असं धरूनच भिंगाचं गणित बसवलेलं असतं. त्यामुळे कव्हरस्लिप न लावता रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला पातळ थर, ४० एक्सला बघितला की पांढुरकं धुकं दिसतं. मायक्रोस्कोप अजिबात बिघडलेला नसतो. त्याच स्मिअरवर तेलाचा थेंब टाकून वर कव्हरस्लिप ठेवा आणि पुन्हा बघा, पेशींच्या कडा तिथल्या तिथे स्पष्ट होतील. १०० एक्सला ही अडचण येत नाही, कारण तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.५१५ म्हणजे जवळपास काचेएवढाच असतो, आणि कमी पडलेल्या काचेची जागा तेलच भरून काढतं. खरेदीच्या यादीत नुसतं ‘कव्हरस्लिप’ लिहिलं की हाताला लागेल ती जाडी येते. ‘नंबर दीड’ असं लिहा, ती ०.१७ च्या आसपास असते. एकावर एक चिकटलेल्या दोन कव्हरस्लिप लावणं आणि डीपीएक्सचा, म्हणजे कव्हरस्लिप चिकटवायच्या द्रव्याचा, जाड थर देणं, या दोन्हींचा परिणाम तोच. स्लाइड उलटी ठेवली असेल तर ४० एक्सला फोकसच लागत नाही, कारण स्लाइडची काच एक मिलिमीटरहून जाड असते आणि ऑब्जेक्टिव्हला तेवढी जागा मिळत नाही.

यानंतर कंडेन्सर, म्हणजे नमुन्यावर खालून प्रकाश एकवटणारं भिंग. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. प्रकाश डोळ्यांना लागतो म्हणून मुलं कंडेन्सर खाली उतरवतात आणि त्याचा डायफ्रॅम, म्हणजे लहान-मोठं करता येणारं छिद्र, बंद करतात. चित्र गडद होतं, कडा ठळक वाटतात, आणि मुलांना वाटतं की आता छान दिसतंय. प्रत्यक्षात त्यांनी मायक्रोस्कोपची ताकद घालवलेली असते. किती, ते मोजता येतं. दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात किमान किती अंतर लागतं याचं गणित एर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ मध्ये मांडलं. ढोबळमानाने प्रकाशाच्या तरंगलांबीला ऑब्जेक्टिव्ह आणि कंडेन्सर या दोघांच्या न्यूमरिकल ॲपर्चरच्या बेरजेने भागायचं. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटरचा धरा. ४० एक्सचं ऑब्जेक्टिव्ह ०.६५ आणि कंडेन्सरही तेवढाच उघडा असेल तर उत्तर येतं सुमारे ४२० नॅनोमीटर. कंडेन्सर जवळजवळ बंद केला तर तेच ८५० च्या घरात जातं. म्हणजे महागाचं ऑब्जेक्टिव्ह लावून निम्मी क्षमता आपणच काढून टाकली. प्रकाश जास्त वाटत असेल तर दिव्याचा रेग्युलेटर कमी करा किंवा फिल्टर घाला. डायफ्रॅमचं काम प्रकाश कमी करण्याचं नाही.

ऑगस्ट कोहलर यांनी १८९३ मध्ये प्रकाश बसवण्याची जी रीत दिली ती आजही तशीच वापरतात. १० एक्सवर नमुना फोकस करा. दिव्याजवळचा फील्ड डायफ्रॅम बंद करत आणा आणि त्याच्या कडा रेखीव दिसेपर्यंत कंडेन्सर वर-खाली करा. ते वर्तुळ मधोमध आणा आणि दृश्याच्या जरा बाहेर जाईल इतकंच उघडा. मग आयपीस काढून नळीत डोकवा. तिथे प्रकाशाची गोल चकती दिसेल. कंडेन्सरचा डायफ्रॅम त्या चकतीचा दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश भाग उजळेल इतका उघडा ठेवा. ऑब्जेक्टिव्ह बदललं की हे शेवटचं पाऊल पुन्हा. तुमच्या मायक्रोस्कोपला फील्ड डायफ्रॅम नसेल, विद्यार्थ्यांच्या मॉडेलला बहुधा नसतोच, तर दिव्याच्या काचेवर पेन्सिलचं टोक ठेवा आणि नमुन्याबरोबर तेही स्पष्ट दिसेपर्यंत कंडेन्सर हलवा. आरशाचे जुने मायक्रोस्कोप असतील तर कंडेन्सर असताना आरशाची सपाट बाजूच वापरायची. अंतर्गोल बाजू कंडेन्सर नसलेल्या मायक्रोस्कोपसाठी असते.

एवढं करून घ्या, आणि मग नमुन्यांकडे येऊ.

सिकलसेल. नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल आणि पावरा समाजांत हा आजार नवा नाही, तुमच्या वर्गातल्या काही मुलांच्या घरातही असेल. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेलं असतं. ऑक्सिजन कमी झाला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतात आणि पेशी विळ्यासारखी ताणली जाते. स्लाइडवर हे घडवून आणायला २ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट वापरतात, ते ऑक्सिजन ओढून घेतं. द्रावण त्याच दिवशी करायचं, कारण हवेत ठेवून ते निकामी होतं. रक्ताच्या थेंबात ते मिसळून कव्हरस्लिप ठेवायची, चारही कडा नेलपॉलिशने किंवा व्हॅसलिनने बंद करायच्या आणि अर्ध्या तासाने बघायचं.

कडा बंद करणं आपल्या हवेत फार महत्त्वाचं. एप्रिल-मे मध्ये स्लाइड काही मिनिटांत कडेने वाळू लागते आणि निरोगी पेशीही आकसून काटेरी होतात. नवखा माणूस त्यांनाच सिकल म्हणतो. काटेरी पेशी गोलच असते, तिच्या सगळ्या अंगाला बारीक टोकं येतात. सिकल पेशी लांबट असते आणि तिची दोन टोकं निमुळती होतात. शेजारी नुसत्या सलाइनमधल्या रक्ताची दुसरी स्लाइड ठेवा, म्हणजे तुलना करता येते. ही ओली, न रंगवलेली स्लाइड आहे, म्हणून रंगाचा आधार नाही. सात-आठ मायक्रॉनची पेशी पाण्यापासून वेगळी दिसते ती अपवर्तनांकातल्या फरकामुळे. इथे फेज कॉन्ट्रास्टचा खरा उपयोग. फ्रिट्स झर्निके यांना १९५३ चं नोबेल याच कामासाठी मिळालं: पेशीतून गेलेला प्रकाश जरासा मागे पडतो, डोळ्याला तो फरक कळत नाही, पण कंडेन्सरमधली रिंग आणि ऑब्जेक्टिव्हमधली फेज प्लेट मिळून त्याचं उजेड-अंधारात रूपांतर करतात. फेज नसेल तोवर याच एका नमुन्यासाठी डायफ्रॅम थोडा बंद करून बघायला हरकत नाही. रिझोल्यूशन, म्हणजे बारीक तपशील वेगळे दिसण्याची क्षमता, जातं हे माहीत असून घेतलेला तो निर्णय असतो.

मॅडम, याच्याशी जोडलेली एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. ही चाचणी वर्गातल्या मुलांच्या रक्तावर करू नका. वाहक असो की रुग्ण, स्लाइड दोघांचीही पॉझिटिव्ह येते, आणि वीस मुलांसमोर एखाद्या मुलीच्या रक्तात विळे दिसले तर तिचं लग्न, तिची बहीण, तिचं घर, सगळ्यांवर ते येतं. सरकारी रुग्णालयातून रुग्णाच्या संमतीने, नाव काढून टाकलेला नमुना मिळवा, किंवा तयार स्मिअर आणा. कुणाला स्वतःची तपासणी करायची असेल तर ती आरोग्य केंद्रात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणी आणि समुपदेशन दोन्ही आहे. वाहक कोण आणि रुग्ण कोण हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचण्या सांगतात, मायक्रोस्कोप नाही. नमुने हाताळताना हातमोजे घालायचे आणि वापरलेल्या स्लाइड १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये टाकायच्या.

कोरडा स्मिअर लेशमन या रक्तपेशींच्या रंगाने रंगवत असाल तर पाणी तपासा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं. तेच लेशमनवर ओतलं की तांबड्या पेशी निळसर-राखाडी होतात आणि पांढऱ्या पेशींचं केंद्रक नुसतं काळं दिसतं. ६.८ पीएचचं बफर करून ठेवा, गुलाबी रंग परत येतो. पावसाळ्यात लेशमनच्या मिथेनॉलमध्ये हवेतलं पाणी शिरतं आणि तांबड्या पेशींत चमकदार भोकं पडल्यासारखी दिसतात. तो आजार समजू नये. बाटलीचं बूच घट्ट हवं, एवढंच.

केळीकडे येऊ. इथे शहाद्याच्या आसपास नमुन्यांना तोटा नाही, आणि केळी इतकं शिकवून जाते की मी वर्षभराची प्रात्यक्षिकं तिच्यावरच बसवू शकेन. देठाचा तुकडा मऊ असतो, ब्लेडखाली चेपतो, म्हणून गाजराच्या दोन फाकांत धरून ओल्या ब्लेडने काप घ्या. काप वॉचग्लासमधल्या पाण्यात सोडा आणि त्यातला सर्वात पातळ ब्रशने उचला, तो पूर्ण गोल नसला तरी चालतो. पूर्ण पण जाड काप मुलं हौसेने निवडतात आणि मग एकावर एक पेशींचे थर दिसतात. रंगासाठी सॅफ्रानिन आणि फास्ट ग्रीन अभ्यासक्रमात आहेतच, पण मी टोलुइडिन ब्लूला झुकतं माप देतो. ०.०५ टक्के द्रावणात मिनिटभर, मग पाण्यात धुवायचं. एकाच रंगातून लिग्निन असलेल्या भिंती हिरवट-निळ्या आणि पेक्टिनच्या पातळ भिंती जांभळट-गुलाबी होतात.

आता त्याच देठाचा न रंगवलेला काप घ्या आणि पोलरॉइड फिल्मचे दोन तुकडे. एक तुकडा कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या कड्यात, दुसरा आयपीसवर. वरचा फिरवत जा, एका ठिकाणी दृश्य काळं होतं. त्या काळोखात जे चमकतं ते सगळं दुहेरी अपवर्तन करणारं, म्हणजे प्रकाशाचे दोन किरण करणारं, असतं. केळीत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांचे जुडगे असतात, त्यांना रॅफाइड म्हणतात, आणि ते असे झळाळून उठतात की ‘हाई काय शे?’ विचारल्याशिवाय एकही मुलगा आयपीस सोडत नाही. मग कच्च्या केळाचा गर स्लाइडवर चोळा. स्टार्चच्या प्रत्येक दाण्यावर काळी फुली दिसेल, कारण दाण्यातले रेणू केंद्रापासून बाहेर रचलेले असतात. पिकलेल्या केळाचा गर घेतला तर पेशी जवळपास रिकाम्या, कारण स्टार्चची साखर झालेली असते. कच्चं, अर्धं पिकलेलं आणि पूर्ण पिकलेलं अशी तीन केळी शेजारी ठेवली की पिकणं म्हणजे पेशीत काय घडतं ते मुलांना डोळ्यांनी कळतं. या सगळ्याला दोन फिल्मपलीकडे काही लागत नाही.

केळीच्या रोगांबद्दल एक मर्यादा मुलांना सांगून ठेवा, कारण शेतकरी पानं घेऊन कॉलेजात येतातच. करप्याचे बीजाणू आणि मर रोगाच्या बुरशीचे धागे प्रकाशाच्या मायक्रोस्कोपमध्ये दिसतात. हरण्या रोग मात्र कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होतो, आणि त्याचा कण साधारण ३० नॅनोमीटरचा. वर सांगितलेलं ॲबे यांचं गणित १०० एक्सच्या तेलाच्या ऑब्जेक्टिव्हलाही २०० नॅनोमीटरच्या आसपास थांबवतं. त्यामुळे कितीही विशालन केलं तरी तो कण वेगळा दिसणार नाही. तिथे एलायझा किंवा पीसीआर या विषाणू ओळखणाऱ्या चाचण्या. विक्रेते २५ एक्सचा आयपीस लावून ‘२५०० पट’ म्हणतात, त्याला भुलू नका. न्यूमरिकल ॲपर्चरच्या हजारपटीपलीकडचं विशालन नुसतं चित्र मोठं करतं, नवा तपशील देत नाही. १.२५ च्या ऑब्जेक्टिव्हला १२५० पट पुरे.

कापसाचं बोंड फुटतं तेव्हा प्रत्येक धागा ही एकच पेशी असते, बियांच्या सालीची एकेक पेशी वाढून अडीच-तीन सेंटिमीटर लांब झालेली, आणि रुंदीला जेमतेम दहा-वीस मायक्रॉन. कपाशीच्या शेतातून येणाऱ्या मुलांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. पाण्यात ठेवलेला धागा बघा, वाळताना पडलेले पीळ दिसतील. मग १८ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवा. पक्व धागा फुगून दांडीसारखा गोल होतो आणि मधली पोकळी जवळपास मिटते, अपक्व धागा पातळ भिंतीचा, चपटाच राहतो. सूतगिरण्यांच्या जगात धाग्याची पक्वता अशीच तपासली जायची. ध्रुवित प्रकाशातही हाच फरक दिसतो, कारण पक्व धाग्याच्या भिंतीत सेल्युलोजचे थर जास्त असतात. सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब ऑब्जेक्टिव्हच्या भिंगाला लागू देऊ नका, काच कायमची खराब होते.

तिन्ही नमुने असे साध्या प्रकाशात, फेजमध्ये आणि दोन पोलरॉइडमध्ये निभावतात. तापीच्या किंवा हतनूरच्या पाण्यातले जीव दाखवायचे असतील तर डार्क फील्डही फुकटात होतं. काळ्या कागदाची चकती पारदर्शक प्लॅस्टिकवर मधोमध चिकटवून कंडेन्सरखाली ठेवा. थेट प्रकाश अडतो, बाजूने येणारा प्रकाश जिवावर आदळून वर येतो, आणि पॅरामिशियम काळ्या पाण्यात उजळ दिसतं. १० एक्सला उत्तम चालतं, ४० एक्सला चकतीचा आकार थोडा मोठा करून बघावा लागतो.

प्राण्यांच्या ऊतींसाठी पॅराफिनच्या मेणात बसवून घेतलेले काप आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिन हे रंग, हेच अजून मुख्य साधन आहे. तुकडा पातळ हवा, आणि १० टक्के फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट. काप ४-५ मायक्रॉनचे. जळगाव-भुसावळकडे मे मध्ये पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा ब्लॉक मऊ पडून काप सुरकुततात. जास्त वितळणबिंदूचं पॅराफिन घ्या, ब्लॉक कापण्याआधी बर्फावर ठेवा, आणि शक्य असेल तर मायक्रोटोमचं, म्हणजे काप घ्यायच्या यंत्राचं, काम सकाळी लवकर उरका.

फ्लुओरेसन्सची ताकद वेगळीच आहे. पेशीतला एकच रेणू निवडून त्याला रंगद्रव्य लावायचं, एका रंगाच्या प्रकाशाने उत्तेजित करायचं आणि तो सोडतो तो दुसऱ्या रंगाचा प्रकाशच फक्त डोळ्यापर्यंत येऊ द्यायचा. बाकी सगळं काळं. डापी या रंगद्रव्याने केंद्रक निळं दिसतं, ऑरामिन या दुसऱ्या रंगद्रव्याने क्षयाचे जंतू कमी विशालनालाही ठिपक्यांसारखे चमकतात म्हणून स्लाइड लवकर तपासून होते. जेलीफिशमधून मिळालेल्या हिरव्या प्रथिनाच्या, जीएफपीच्या, शोधाला २००८ चं नोबेल मिळालं ते जिवंत पेशीतलं हवं ते प्रथिन त्याने दिसू लागलं म्हणून. पानाच्या कापाला तर रंगही लागत नाही, निळ्या प्रकाशात हरितद्रव्य स्वतःच लाल चमकतं. पण रंगद्रव्य हव्या त्या रेणूपर्यंत नेणारी प्रतिपिंडं फ्रीजमध्ये ठेवावी लागतात, रंग उजेडात विटतात, आणि रोज वापरणारा माणूस नसेल तर यंत्र कपाटात जातं. पुढे कधी घेतलात तर एलईडीचाच घ्या. पाऱ्याचा दिवा साधारण २०० तासांत संपतो, आणि वीज गेल्यावर तो पूर्ण थंड झाल्याशिवाय पुन्हा लावता येत नाही. शहाद्याच्या उन्हाळ्यात हे कसं जमेल ते तुम्हीच सांगा.

कॉन्फोकलची कल्पना मार्विन मिन्स्की यांची, पेटंटचा अर्ज १९५७ चा. आजच्या यंत्रांत लेझरचा ठिपका नमुन्यावर फिरवायचा आणि समोर सूक्ष्म छिद्र ठेवून फोकसबाहेरचा प्रकाश अडवायचा. त्यामुळे जाड ऊतीचे एकेक थर वेगळे मिळतात आणि संगणकात रचून त्रिमितीय चित्र करता येतं. आणखी खोल जायचं तर १९९० मध्ये आलेली दोन फोटॉनांची पद्धत आहे. २०० नॅनोमीटरची भिंत ओलांडणाऱ्या पद्धतींना २०१४ चं नोबेल मिळालं. हे सगळं शिकवा, पण विकत घेऊ नका. किंमत कोटीच्या घरात जाते, वर दरवर्षीचा देखभाल करार, वातानुकूलन, आणि पूर्णवेळ चालवणारा माणूस. एखाद्या विद्यार्थ्याच्या संशोधनाला खरंच लागलं तर आधी जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात चौकशी करा, मग पुण्याच्या आयसर किंवा एनसीसीएस या संशोधन संस्थांकडे. केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर अशी यंत्रं शोधून वेळ घेता येते. स्लाइड इथेच नीट तयार करून न्यायची, तिथला प्रत्येक तास पैशाचा असतो.

फोटोंबद्दल थोडंच सांगतो. मोबाइल आयपीसला हाताने धरू नका, ॲडॉप्टर लावा. प्रो मोडमध्ये एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स पक्के करा. मोबाइल आपणहून कडा धारदार करतो आणि त्यातून पेशीला नसलेली दुहेरी भिंत दिसू लागते, म्हणून शंका आली की आयपीसमधून डोळ्याने खात्री करा. स्टेज मायक्रोमीटर एक घ्याच. त्यावर एक मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला त्याचा फोटो काढून ठेवला की पुढच्या प्रत्येक चित्रावर मोजपट्टी घालता येते. ‘४०० पट’ असं चित्राखाली लिहिण्याला अर्थ नाही, छापताना आकार बदलतो.

खरेदी अशी करा: एक चांगला त्रिनेत्री (कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेला) मायक्रोस्कोप, १० आणि ४० एक्सच्या फेज ऑब्जेक्टिव्हसह, फील्ड डायफ्रॅम आणि मध्यभागी आणता येणारा कंडेन्सर असलेला, सोबत रिंग जुळवण्यासाठी सेंटरिंग टेलिस्कोप. टेलिस्कोप कोटेशनमधून हमखास गळतो, आणि त्याशिवाय फेजच्या रिंग जुळल्या की नाही हे कळत नाही. त्यावर साधा कॅमेरा. उरलेल्या पैशांत पोलरॉइड फिल्म, नंबर दीडच्या कव्हरस्लिप, पावसाळ्यात भिंगांना बुरशी लागू नये म्हणून हवाबंद डबे आणि सिलिका जेल. विक्रेत्याला डेमो तुमच्याच प्रयोगशाळेत द्यायला लावा, तोही तुमच्या केळीच्या कापावर आणि तुमच्या ओल्या रक्ताच्या स्लाइडवर. तो सोबत आणेल ती तयार स्लाइड कुठल्याही मायक्रोस्कोपवर छानच दिसते. जुन्या बॉडीवर नुसती फेज ऑब्जेक्टिव्ह बसवायचा विचार असेल तर ऑर्डर देण्याआधी अंगावरचे आकडे पुन्हा वाचा: तुमच्या बॉडी १६० मिलिमीटरच्या असतील आणि नव्या ऑब्जेक्टिव्हवर अनंताचं चिन्ह असेल, तर आटे बसतील, पण विशालन आणि फोकस दोन्ही चुकतील.